बी.एड. नसताना न्यू जर्सीत गणित शिक्षिका: पर्यायी मार्गाचे एक प्रकरण

उमेदवार अशी आहे. पुणे विद्यापीठातून २००८ साली गणितात बी.एस्सी. त्यानंतर वर्षभर एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवले. २०१२ साली एम.सी.ए., पुढे काही वर्षे सॉफ्टवेअरची नोकरी. लग्नानंतर न्यू जर्सीतल्या एडिसनला मुक्काम, काम करण्याची परवानगी हातात, मुले शाळेत जाऊ लागलेली. बी.एड. नाही. आता तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे पब्लिक स्कूलमध्ये, गणित शिकवायचे आहे. या बाई नमुन्यादाखल उभ्या केल्या आहेत, पण एडिसन, इसेलिन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी या पट्ट्यात अशा पार्श्वभूमीची मराठी माणसे भरपूर आहेत. त्यांना लागू होणारे नियम खरे आहेत आणि अडतात त्या जागाही खऱ्या आहेत.

हे प्रकरण मांडण्याचे कारण एकच. या मार्गात अवघड परीक्षेपेक्षा चुकलेला क्रम जास्त महागात पडतो. गणिताची पदवी असलेला माणूस परीक्षा बहुतेक वेळा काढतो. तो अडकतो तो कागदांत, आणि कागद पूर्ण होईपर्यंत त्या वर्षीचा भरतीचा हंगाम उलटून गेलेला असतो.

मार्गाची रचना

न्यू जर्सीने हा पर्यायी मार्ग १९८५ च्या सुमारास सुरू केला. थॉमस कीन तेव्हा गव्हर्नर होते आणि सॉल कूपरमन शिक्षण आयुक्त. त्याआधी शिक्षक मिळाला नाही की शाळा आणीबाणीचे प्रमाणपत्र काढून कुणालाही वर्गावर उभे करत. ती पद्धत मोडून काढायची आणि विषयात पदवी असलेल्या माणसाला नोकरीत राहून शिक्षणशास्त्र शिकू द्यायचे, हा त्यामागचा विचार होता. पुढे अनेक राज्यांनी तो उचलला.

प्रमाणपत्रे तीन. पहिले सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, बोलताना सगळे सी.ई. म्हणतात. तुम्ही शिकवण्यास पात्र आहात आणि शाळा तुम्हाला नोकरी देऊ शकते, एवढेच ते सांगते. एकदा मिळाले की त्याला मुदत नसते. दुसरे प्रोव्हिजनल, नोकरी मिळाल्यावर दोन वर्षांसाठी. तिसरे स्टँडर्ड, कायमचे. कॉलेजातच शिक्षणशास्त्र आणि सराव पाठ पूर्ण केलेल्यांना सी.ई.च्या जागी सी.ई.ए.एस. मिळते. आपल्या उमेदवाराची वाट सी.ई.ची.

आपल्याकडे आधी बी.एड., मग टी.ई.टी., मग नोकरी. इथे आधी विषयाची पात्रता, मग नोकरी आणि नोकरी करता करता प्रशिक्षण. हे नीट डोक्यात बसले नाही तर माणूस सी.ई. हाती आल्यावर काम झाले असे समजतो. खरे काम तिथून सुरू होते.

पदवीचे मूल्यमापन

सी.ई.साठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान बॅचलर पदवी लागते आणि त्या विषयात सुसूत्र क्रमाने घेतलेली किमान ३० क्रेडिट लागतात; क्रेडिट म्हणजे कोर्सचा भार मोजण्याचे एकक. त्यातली किमान १२ वरच्या पातळीची हवीत, म्हणजे अमेरिकी कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची किंवा त्यापुढची. सरासरीचीही अट आहे: १ सप्टेंबर २०१६ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना ४ पैकी ३.०, त्याआधीच्यांना २.७५. बाईंची पदवी जुनी, त्यामुळे त्यांना २.७५ पुरते. भारतातला प्रथम वर्ग अमेरिकी श्रेणीत चांगला बसतो, त्यामुळे सरासरीवर गाडी सहसा अडत नाही.

भारतातली गुणपत्रिका शिक्षण खाते थेट वाचत नाही. मान्य संस्थेकडून मूल्यमापन अहवाल घ्यावा लागतो आणि या संस्था बहुतेक नेसेस या संघटनेच्या सदस्य असतात. इथे तीन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली चूक अहवालाच्या प्रकाराची. या संस्था दोन प्रकारचे अहवाल विकतात. स्वस्तातला अहवाल एवढेच म्हणतो की तुमची पदवी अमेरिकेतल्या अमुक पदवीच्या बरोबरीची आहे. दुसऱ्यात प्रत्येक पेपर, त्याची क्रेडिट, श्रेणी आणि पातळी असते. शिक्षकाच्या प्रमाणपत्राला दुसराच लागतो, कोर्स-बाय-कोर्स. शंभरेक डॉलर वाचवायला पहिला घेतला तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क आणि पुन्हा काही आठवडे.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. बऱ्याच जणांना वाटते की वरची पदवी दाखवली की खालचीचे काम नाही. बाईंनी फक्त एम.सी.ए.चे कागद पाठवले असते तर अहवालात गणित म्हणता येतील असे तीनच पेपर आले असते: डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संभाव्यता व सांख्यिकी आणि ऑपरेशन्स रिसर्च. म्हणजे ३० पैकी फार तर ९ क्रेडिट. डेटाबेस, नेटवर्क, जावा हे गणितात धरत नाहीत. बी.एस्सी. सोबत जोडली की चित्र पालटते. एफ.वाय.ला चार विषय असल्याने गणिताची साधारण ८ क्रेडिट येतात, एस.वाय.ची ९-१०. आणि टी.वाय.ला सगळे पेपर गणिताचेच असल्याने एकट्या त्या वर्षाचीच पंचवीसच्या आसपास. रिअल अॅनालिसिस, ग्रुप थिअरी, लिनिअर अल्जेब्रा, कॉम्प्लेक्स अॅनालिसिस हे पेपर वरच्या पातळीत बसतात, त्यामुळे १२ ची अट टी.वाय.वरच भागते. अहवाल हाती आला की क्रेडिटच्या रकान्याशेजारी पातळीचे अक्षर असते: खालची, वरची की पदव्युत्तर. टी.वाय.चा एखादा पेपर खालच्या पातळीत टाकलेला दिसला तर अभ्यासक्रमाची प्रत जोडून लगेच फेरतपासणी मागावी. अहवाल राज्याकडे गेल्यावर ते निस्तरायला फार वेळ जातो.

तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न इथेच येतो. काही मूल्यमापन संस्था भारतातल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला पूर्ण बॅचलर मानत नाहीत, तीन वर्षांचे पदवी-शिक्षण एवढेच म्हणतात. काही संस्था कॉलेजचे नॅक मूल्यांकन आणि मिळालेला वर्ग पाहून पूर्ण मानतात. बाईंच्या मागे एम.सी.ए. असल्याने त्यांना हा त्रास नाही. नुसती तीन वर्षांची पदवी असणाऱ्याने मात्र पैसे भरण्याआधी त्या संस्थेचे भारताबद्दलचे धोरण वाचावे. ते बहुतेकींच्या संकेतस्थळावर असते.

तिसरी चूक नावाची, आणि ती खास आपली आहे. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतरच्या पासपोर्टवर आडनावाच्या खान्यात सासरचे आडनाव आणि नावाच्या खान्यात स्वतःचे नाव व पतीचे नाव एकत्र. सोशल सिक्युरिटी कार्डावर कधी पतीचे नाव येते, कधी गळते. मूल्यमापन संस्था, परीक्षा घेणारी ईटीएस, गुन्हेगारी पडताळणीसाठीचे बोटांचे ठसे आणि राज्याचे एनजे-एडसर्ट हे पोर्टल, चारही ठिकाणी नाव वेगवेगळे पडले की कागद एकमेकांना सापडत नाहीत. अहवाल पोहोचलेला असतो, पण अर्जाच्या खात्यात दिसत नाही. उपाय सोपा आहे. सोशल सिक्युरिटी कार्डावरचे नाव मूळ धरावे, चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर तेच टाकावे, आणि मूल्यमापन संस्थेला विवाह प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच टपालात द्यावी. परीक्षा केंद्रावर न्यायच्या ओळखपत्रावरही तेच नाव हवे. तसे नसेल तर परीक्षेआधी ओळखपत्र बदलून घ्यावे.

विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट थेट मूल्यमापन संस्थेकडे जावे लागते, बंद लिफाफ्यात किंवा विद्यापीठाच्या अधिकृत ई-मार्गाने. घरी आलेला लिफाफा उघडला तर तो बाद. विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, जुन्या पदवीवर जुने नाव असते, त्याची काळजी नको. काळजी वेळेची करायची. पुण्यातले कागद आणि अमेरिकेतला अहवाल मिळून दोन ते चार महिने सहज जातात. म्हणून सगळ्यात आधी, परीक्षेच्या पुस्तकाला हात लावण्याआधी, हे काम सुरू करावे.

इथे जरा बी.ई. झालेल्यांबद्दल, कारण त्यांची संख्या मोठी आहे. एम-वन, एम-टू, एम-थ्री हे अभियांत्रिकी गणिताचे पेपर, जोडीला न्यूमेरिकल मेथड्स किंवा डिस्क्रीट धरून १५ ते १८ क्रेडिट होतात. उरलेली १२ ते १५ कमवावी लागतात. ती घ्यायला माणूस जवळच्या काउंटी कॉलेजात जातो, कारण तिथे शुल्क कमी. पण काउंटी कॉलेज दोन वर्षांचे असते आणि तिथले सगळे कोर्स पहिल्या-दुसऱ्या वर्षाचेच. त्याने ३० ची बेरीज पूर्ण होते, १२ ची होत नाही. वरच्या पातळीचे कोर्स चार वर्षांच्या कॉलेजातूनच घ्यावे लागतात. प्रत्यक्ष वा ऑनलाइन कसेही चालेल, कॉलेज मान्यताप्राप्त असले म्हणजे झाले. कोर्सला नाव नोंदवण्याआधी आपल्याकडे कोणत्या पातळीची किती क्रेडिट आहेत याचा तक्ता कागदावर मांडावा.

परीक्षा

पूर्वी आधी मूलभूत वाचन-लेखन-गणिताची प्रॅक्सिस कोअर द्यावी लागे. १ जानेवारी २०२५ पासून न्यू जर्सीत ती अट कायद्यानेच गेली. अजूनही जुने सल्ले वाचून लोक त्या परीक्षेचे शुल्क भरतात. भरू नये. विषयाची परीक्षा मात्र आहे.

माध्यमिक गणितासाठी प्रॅक्सिस ५१६५ ही परीक्षा. ६६ प्रश्न, १८० मिनिटे, पडद्यावर ग्राफिंग कॅल्क्युलेटर. संख्या व बीजगणित सुमारे ३० टक्के, फलने व कलनशास्त्र ३०, भूमिती २०, सांख्यिकी व संभाव्यता २०. बी.एस्सी.वाल्याला कलनशास्त्र सोपे जाते आणि तो सांख्यिकीत व भूमितीत गुण गमावतो. बॉक्स प्लॉट, नमुना सर्वेक्षणातला पक्षपात, द्विचल माहितीतून रेषा बसवणे आपल्याकडे पदवीला गणिताच्या विद्यार्थ्याने फारसे केलेले नसते. शिवाय सुमारे चौथा हिस्सा प्रश्न शिकवण्याच्या कामातले असतात: विद्यार्थ्याचे चुकलेले उत्तर दिलेले असते, त्याच्या मनात कोणता गैरसमज आहे ते ओळखायचे. पुढच्या नोकरीच्या दृष्टीने परीक्षेतला हाच भाग सगळ्यात उपयोगाचा आहे, त्यामुळे तो टाळून पास होण्याचा हिशेब करू नये.

काही सवयी मोडाव्या लागतात. तिथे रेषेचे समीकरण वाय बरोबर एम-एक्स अधिक बी असे लिहितात, आपल्या सी-च्या जागी बी. एकच बाजूजोडी समांतर असलेल्या चौकोनाला ट्रॅपेझॉइड म्हणतात. घातांकांना इंडायसेस म्हणत नाहीत, आणि लांबी-वजनाचे प्रश्न फूट, इंच, पौंड यांत येतात. जुन्या सराव परीक्षांचे दोन-तीन संच घड्याळ लावून सोडवले की हे सगळे अंगवळणी पडते. नापास झाल्यास २८ दिवसांनी पुन्हा बसता येते. शुल्क दीडशे डॉलरच्या आतबाहेर.

परीक्षेची तारीख अहवाल हातात आल्यावर घ्यावी. अहवालात ३० क्रेडिट भरत नसतील तर विषयच बदलावा लागू शकतो, मग गणिताच्या परीक्षेचे पैसे आणि मेहनत दोन्ही अडकतात.

अर्ज आणि ५० तास

एनजे-एडसर्टवर सी.ई.चा अर्ज, सुमारे १९० डॉलर शुल्क, सोबत शपथपत्र. शपथपत्राचा नमुना नागरिकांसाठी वेगळा आणि नागरिक नसलेल्यांसाठी वेगळा असतो, चुकीचा भरला तर फाईल तशीच पडून राहते.

वर्गावर पाऊल ठेवण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेत ५० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण व्हावे लागते. रटगर्ससारखी विद्यापीठे आणि काही काउंटी कॉलेजे ते चालवतात, संध्याकाळी, शनिवारी किंवा ऑनलाइन. पाठाचे नियोजन, वर्ग सांभाळणे, मूल्यमापन यांची तोंडओळख आणि काही तास शाळेत बसून वर्ग पाहणे असा त्याचा साचा. हे हिवाळ्यातच उरकावे. मुलाखतीत "५० तास झाले आहेत" असे सांगणारा उमेदवार आणि "करणार आहे" असे सांगणारा उमेदवार यांत मुख्याध्यापक पहिल्याला घेतात, कारण दुसऱ्याचे अडले तर सप्टेंबरात वर्ग रिकामा राहतो.

नोकरी मिळवणे

जाहिराती फेब्रुवारीपासून वाढतात, एप्रिल-मेमध्ये भर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा एक लाट येते. तिचे कारण करारातले ६० दिवसांच्या नोटिशीचे कलम. सप्टेंबरात दुसरीकडे रुजू व्हायचे असणारे शिक्षक जुलैच्या सुरुवातीला राजीनामे देतात आणि त्यांच्या जागा ऐन उन्हाळ्यात उघडतात. ज्याची सी.ई. तयार आहे त्याला ही दुसरी लाट फार फायद्याची, कारण तोवर सी.ई.ए.एस.वाले बरेचसे लागलेले असतात. हेच कलम नव्या माणसालाही लागू आहे हे विसरू नये. एका डिस्ट्रिक्टशी, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेशी, सही करून चांगली ऑफर आली म्हणून नोटीस न देता दुसरीकडे गेले तर प्रमाणपत्र एक वर्षापर्यंत निलंबित होऊ शकते.

तोवर हातावर हात ठेवून बसू नये. बदली शिक्षकाचे, म्हणजे सबस्टिट्यूटचे काम ६० कॉलेज क्रेडिटवर मिळते. त्या निमित्ताने शाळा आतून दिसते, मुख्याध्यापकांची ओळख होते आणि बोटांचे ठसे व गुन्हेगारी पडताळणी तेव्हाच होऊन जाते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या संघटनेशी, जोडलेल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत शिकवले असेल तर तेही अर्जात लिहावे. प्रमाणपत्राच्या हिशेबात त्याला वजन नाही, पण अमेरिकेत वाढलेल्या मुलांचा वर्ग सांभाळला आहे हे त्यातून दिसते आणि शिफारसपत्र मिळते.

नेमणुकीच्या टप्प्यावर बाईंना एक अडथळा हमखास येणार, तो पुण्यातल्या त्या एका वर्षाचा. न्यू जर्सीच्या २०१८ च्या कायद्यानुसार उमेदवाराने गेल्या २० वर्षांत नोकरी केलेली प्रत्येक शाळा आणि त्याच काळात मुलांशी थेट संबंध आलेली प्रत्येक नोकरी जाहीर करायची असते. मग नवे डिस्ट्रिक्ट त्या प्रत्येक जुन्या मालकाला लिहून विचारते की या व्यक्तीविरुद्ध बालशोषण वा लैंगिक गैरवर्तनाची चौकशी झाली होती का. कायदा मुलांच्या सुरक्षेसाठी आहे आणि तो असायलाच हवा. पण पुण्यातल्या शाळेच्या कार्यालयात असा इंग्रजी फॉर्म आला की तो काय आहे हे कुणालाच कळत नाही. क्लार्क तो बाजूला ठेवतात आणि इकडे नेमणूक लटकते. तात्पुरती नेमणूक ९० दिवसांपर्यंत देता येते, पण सगळी डिस्ट्रिक्ट तयार होत नाहीत. म्हणून ऑफर येण्याआधीच जुन्या शाळेला फोन करावा, मुख्याध्यापकांना मराठीत दोन ओळींत समजावून सांगावे, फॉर्म नक्की कुणाच्या ई-मेलवर जाणार ते विचारून ठेवावे. कोचिंग क्लासची नोकरीही यात येते. ती लपवणे हा गुन्हा ठरू शकतो, तेव्हा एक महिन्याचे काम असले तरी लिहावे.

मुलाखतीत पंधरा-वीस मिनिटांचा नमुना पाठ बहुधा मागतात. भारतात शिकलेला उमेदवार इथे फळ्याकडे तोंड करून सुंदर सिद्धता मांडतो आणि नाकारला जातो. समितीला मुले काय करत होती ते पाहायचे असते. सुरुवातीला एक छोटा प्रश्न, मुलांनी जोडीने विचार, दोन वेगळ्या रीती फळ्यावर, शेवटी जाता जाता एक प्रश्न कागदावर. पाठाचा आवाका निम्मा ठेवावा.

पगाराचा मुद्दा सही करण्याआधी बोलावा. डिस्ट्रिक्टचा पगार तक्त्याने ठरतो: आडवे रकाने पदवीचे, उभ्या पायऱ्या अनुभवाच्या. मूल्यमापन अहवालात एम.सी.ए. मास्टर्सच्या बरोबरीची ठरली असेल तर मास्टर्सच्या रकान्यात बसवण्याची मागणी करता येते, आणि फरक वर्षाला काही हजार डॉलरचा असतो. भारतातल्या अनुभवाची पायरी देणे डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर. एकदा सही झाली की पायरी बदलून मिळत नाही म्हटले तरी चालेल.

पहिली दोन वर्षे

ऑफर स्वीकारल्यावर प्रोव्हिजनल प्रमाणपत्राची मागणी उमेदवार करत नाही, डिस्ट्रिक्ट करते. त्यासाठी उमेदवार मान्य प्रशिक्षण कार्यक्रमात दाखल असल्याचा पुरावा लागतो. ऑगस्टमध्ये कार्यालयात गर्दी असते, कागद मागे पडतो, आणि मग ऑक्टोबरात कळते की नोंदणीच झाली नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयात जाऊन खात्री करून घ्यावी.

यानंतर तीन गोष्टी एकाच वेळी चालू होतात. पूर्ण वेळ शिकवणे, मेंटरिंग आणि प्रशिक्षणाचे वर्ग. पहिल्या वर्षी ३० आठवडे एक अनुभवी शिक्षक मेंटर म्हणून मिळतो. सी.ई.वाल्यांना पहिले आठ आठवडे दर आठवड्याला त्याच्याशी बैठक असते. मेंटरचे शुल्क १,००० डॉलर. काही डिस्ट्रिक्ट ते स्वतः भरतात, बाकीची पगारातून कापतात, हेही सहीआधी विचारावे. प्रसूती रजेच्या जागी चार महिन्यांची नेमणूक मिळाली तर ३० आठवडे भरत नाहीत आणि उरलेले पुढच्या नोकरीत पूर्ण करावे लागतात. तरीही गणितात अशी जागा सोडू नये, बऱ्याचदा तीच पुढे कायम होते.

प्रशिक्षण दोन वर्षांत किमान ४०० तासांचे, आठवड्यातली एक-दोन संध्याकाळ किंवा शनिवार, आणि खर्च काही हजार डॉलर. पहिल्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ सर्वांत जड. दिवसाला पाच वर्ग, दोन वेगळ्या विषयांची तयारी, पालकांचे ई-मेल, आणि संध्याकाळी स्वतःचा गृहपाठ. घरी लहान मुले असतील तर या चार महिन्यांची सोय आधीच लावावी. या मार्गाने आलेली माणसे अर्ध्यात सोडतात ती मुख्यतः याच काळात, आणि विषय येत नाही म्हणून कुणी सोडत नाही.

वर्गातली सगळ्यात अनोळखी गोष्ट आय.ई.पी. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलासाठी लिहिलेला हा वैयक्तिक शिक्षण आराखडा कायदेशीर दस्तऐवज असतो. त्यात चाचणीला दीडपट वेळ, पुढच्या बाकावर जागा, सूचना लेखी द्याव्यात असे काही लिहिलेले असेल तर ते पाळणे बंधनकारक आहे. शिक्षकाच्या इच्छेवर ते सोडलेले नाही. आपल्याकडे पन्नास-साठच्या वर्गात सगळ्यांना एकच पेपर देण्याची सवय असते, त्यामुळे नव्या शिक्षकाकडून चूक होते ती इथे. वर्गयादी मिळाल्याच्या दिवशी कोणाला आय.ई.पी. आहे, कोणाला ५०४ आराखडा, म्हणजे विशेष शिक्षण न लागणाऱ्या पण अपंगत्व वा आजार असलेल्या मुलाच्या सवलतींचा आराखडा, आहे ते काढावे, प्रत्येकाच्या सवलती एका पानावर उतरवाव्यात, आणि चाचणी छापण्याआधी ते पान समोर ठेवावे. काही वर्गांत दुसरा विशेष शिक्षक सोबत असतो. त्याला मदतनीस समजू नये. पाठ दोघांनी मिळून आखायचा असतो.

नव्या शिक्षकाच्या वर्गात वर्षाला किमान तीन निरीक्षणे होतात, प्रत्येक किमान २० मिनिटांचे. वर्षअखेर चारपैकी एक शेरा मिळतो: इनइफेक्टिव्ह, पार्शली इफेक्टिव्ह, इफेक्टिव्ह, हायली इफेक्टिव्ह. स्टँडर्डसाठी सलग तीन वर्षांच्या आत दोन वर्षे इफेक्टिव्ह किंवा त्यावरचा शेरा लागतो. पहिल्या निरीक्षणाचा अहवाल टीकेने भरलेला आला तर घाबरू नये, पण पुढच्या बैठकीत त्यातल्या दोन मुद्द्यांवर काय बदल केला याचे कागद घेऊन जावे. बदल दिसला की शेरा सुधारतो. पूर्वी याच टप्प्यावर एडटीपीए नावाचे, स्वतःच्या शिकवण्याच्या चित्रीकरणासह मूल्यमापन करून पाठवावे लागे. डिसेंबर २०२२ मध्ये न्यू जर्सीने ती अट काढली.

दोन चांगले शेरे, ४०० तास आणि मेंटरिंग पूर्ण झाले की प्रशिक्षण संस्था तिच्या बाजूची नोंद करते, डिस्ट्रिक्ट तिच्या बाजूची, आणि स्टँडर्ड प्रमाणपत्र निघते. प्रोव्हिजनलची दोन वर्षे संपत आली आणि एखादा शेरा कमी असेल तर ते नूतनीकरण करून मिळते, पण मागणी डिस्ट्रिक्टकडूनच जावी लागते. नोकरीतले कायमपण ही निराळी गोष्ट. २०१२ च्या टीच-एनजे कायद्याप्रमाणे त्याच डिस्ट्रिक्टमध्ये चार वर्षे आणि एक दिवस झाल्यावर, शेऱ्यांची अट पूर्ण असेल तर, टेन्युअर लागते.

स्टँडर्ड हाती आल्यावर दुसरा विषय जोडायला ४०० तास पुन्हा करावे लागत नाहीत. त्या विषयाची क्रेडिट आणि परीक्षा पुरते. गणितात न धरलेले एम.सी.ए.चे डेटाबेस आणि प्रोग्रामिंगचे पेपर त्या वेळी कामाला येऊ शकतात, म्हणून मूल्यमापन अहवालाची एक अधिकृत प्रत न उघडता घरात ठेवावी आणि संस्थेच्या खात्याचा पासवर्ड जपावा.